लंबूताईची बढती

लंबूताईला कामावरून काढलं असतं, तर पुढे काय करायचं हे तिने ठरवून ठेवलं होतं. नवऱ्याच्याही कानावर तिने ते हळूहळू घातलं होतं. पण साहेबांनी तिला काढलं नाही. केबिनमध्ये बोलावून खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि टेबलावर एक कोरा करकरीत पांढरा कोट ठेवला.

"आजपासून घडीखात्याच्या मुकादम तुम्ही. अभिनंदन!"

लंबूताईने चहाला हात लावला नाही. बारा बायकांच्या सह्या घेऊन संघटना नोंदवल्याला जेमतेम पंधरवडा झाला होता. त्या अर्जावर पहिली सही तिची होती आणि हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं. तरी ते हसत होते. त्या हसण्याचीच भीती वाटली, असं ती मला नंतर म्हणाली.

माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत ती नवरा आणि मुलीसह राहते. नवरा कुरिअरची गाडी चालवतो, मुलगी नर्सिंग शिकते. ती स्वतः एका मोठ्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे ट्रकने येतात. धुऊन पिळून झाल्या की त्या एका लांबलचक तापलेल्या रोलरमध्ये घालायच्या. एका बाजूने ओली चादर आत जाते, दुसऱ्या बाजूने कडकडीत इस्त्री होऊन बाहेर येते. बाहेरच्या बाजूला दोघी दोघी उभ्या असतात. चादर जमिनीला टेकायच्या आत चार कोपरे धरायचे, एकमेकींकडे चालत यायचं, पुन्हा मागे व्हायचं. दिवसभर हेच. एकीचं पाऊल चुकलं की घडी तिरकी पडते आणि पुढची चादर डोक्यावर येऊन पडते. म्हणून तिथे सगळं काही जोडीवर चालतं.

लंबूताईची जोडी टिंगीशी होती. एक ताडमाड, दुसरी तिच्या खांद्याखाली. दोघींचीही खरी नावं तिथे कोणी घेत नाही. पहिल्या दिवशी सगळ्या हसल्या होत्या, की या दोघींची चादर घसरगुंडीसारखी दिसणार. पण टिंगी कोपरा धरताना टाचा उचलायची आणि लंबूताई नेमकी तेव्हाच गुडघ्यात वाकायची. अशी वर्षं गेली.

संघटना कशासाठी, तर एका दांडीसाठी. रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. चादर आत सारताना बोटं फार पुढे गेली की हात दांडीला लागतो आणि मशीन थांबतं. मशीन फार वेळा थांबतं म्हणून साहेबांनी ती दांडी काढून टाकली. महिन्याच्या आत चादर घालणाऱ्या एका पोरीचा हात मनगटापर्यंत भाजला. बायका साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, "लक्ष कुठे असतं तुमचं?" त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत संडासाबाहेरच्या बोळात उभ्या राहून बारा जणींनी सह्या केल्या. टिंगीची सही दुसरी होती.

बढतीचं पत्र घेऊन लंबूताई घरी आली तेव्हा नवरा हरखून गेला.

"अगं, मग रडतेस काय? बसायला खुर्ची, अंगात कोट. मी गेली कित्येक वर्षं गाडी हाकतोय, मला कोणी कोट दिला नाही."

"तुम्हाला कळत कसं नाही? संघटना काढली म्हणून बक्षीस देतात का कोणी?"

"कदाचित घाबरले असतील तुला."

"मला? साहेब? ते त्यांच्या बायकोलाही घाबरत नाहीत."

"ते मात्र तू कशावरून म्हणतेस?"

मुलगी फिसकन हसली. लंबूताई हसली नाही. पत्र घेऊन ती माझ्याकडे आली, कारण ते इंग्रजीत होतं. मी दोनदा वाचलं. वाक्यं गोड होती, पण एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता: सुपरवायझर, म्हणजे पर्यवेक्षक. मला तो खटकला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी संघटनेच्या वकीलबाईंकडे गेलो.

वकीलबाईंनी पत्र वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हुशार आहे हा माणूस," त्या म्हणाल्या. मग समजावून सांगितलं. संघटना केली म्हणून कामगाराला काढता येत नाही, बदली करून छळता येत नाही, धमकावता येत नाही. तसं केलं तर कायदा मालकाला जाब विचारतो आणि माणसाला परत कामावर घ्यायला लावतो. पण हे सगळं कामगारासाठी. जो दुसऱ्यांना काम नेमून देतो, रजा देतो, शिक्षा करतो, तो कायद्याच्या नजरेत मालकाच्या बाजूचा. त्याला हे छत्र नाही. कायद्याची ती पानं त्यांनी माझ्या हातात दिली, घरी नीट वाचायला.

"म्हणजे आज कोट घातला, की उद्या मला काढायला ते मोकळे?"

"उद्या नाही, परवा. उद्या फार उठून दिसेल."

लंबूताईने बढती नको असं तिथेच लिहून दिलं. कोटही घडी घालून केबिनमध्ये परत ठेवला. साहेब म्हणाले, "ठीक आहे, विचार करा, घाई नाही." तिला वाटलं, सुटले.

पण एक गोष्ट ती करतच राहिली, कारण त्यात काही वावगं आहे असं तिला वाटलंच नाही. रोज सकाळी एखादी तरी गैरहजर असायचीच, मग उरलेल्यांच्या जोड्या नव्याने लावाव्या लागत. हे काम तिला कोणी दिलेलं नव्हतं. ती उंच असल्यामुळे सगळ्यांना दिसायची, तिचा आवाज मशीनच्या वर जायचा, म्हणून ते आपसूक तिच्या गळ्यात पडलं होतं. "तू हिच्याबरोबर, तू तिच्याबरोबर, आणि तुम्ही दोघी भांडला आहात ना, मग लांब लांब उभ्या राहा." कोणाला लवकर जायचं असलं की तीही लंबूताईलाच विचारायची. ही म्हणायची, "जा गं, मी सांभाळते." सांभाळते म्हणजे तिच्या जागी दुसरी उभी करते, एवढंच. हे बोल केबिनच्या काचेआडून कोणी ऐकत असेल, हे तिच्या मनातही आलं नाही.

दहाबारा दिवसांनी दवाखान्याच्या चादरींचा एक अख्खा ढीग करपला. रोलर जास्त तापला होता. तो तापवणं आणि थंड करणं हे मेकॅनिकचं काम. पण लंबूताईच्या हातात दुपारी पत्र पडलं: पर्यवेक्षणातील हलगर्जीपणाबद्दल आपणांस सेवेतून कमी करण्यात येत आहे. तिने बढती नाकारल्याचा उल्लेखही त्यात नव्हता. जणू तो कोट तिच्या अंगात होताच.

पुढच्या सोमवारी तोच कोट टिंगीच्या अंगात दिसला. बाह्या दुमडून कोपरापर्यंत आणल्या होत्या.

लंबूताई फाटकापाशी उभी होती, बाकीच्या बायकांना भेटायला. टिंगी समोरून आली. दोघी थबकल्या.

"छान दिसतोय," लंबूताई म्हणाली. "थोडा लांब आहे, पण तो तुझ्या मापाने शिवला नव्हता."

"ताई, घरात आई अंथरुणाला खिळलीय. मी नाही म्हटलं असतं, तर मलाही..."

"मी काही विचारलं का तुला?"

"नाही विचारलंत, म्हणूनच सांगतेय."

लंबूताई वळून चालू लागली. त्या दिवशी घरी येऊन तिने मुलीच्या सगळ्या ओढण्या काढून पुन्हा घड्या घातल्या. कोणी तिच्या जवळ गेलं नाही.

कामावर परत घ्यावं म्हणून लंबूताईचा अर्ज दाखल झाला. कंपनीचं म्हणणं साधं होतं: ही बाई कामगार नव्हतीच. जोड्या तीच लावायची, रजाही तीच द्यायची. मग पत्र स्वीकारलं काय आणि नाकारलं काय, कामाने ती मुकादमच. संघटनेचा आणि काढण्याचा काही संबंध नाही, आणि असला तरी कायदा तिला लागू नाही. साक्षीदार एकच, तिची जोडीदारीण.

वकीलबाईंनी बजावून सांगितलं, टिंगीला भेटायचं नाही, निरोप पाठवायचा नाही, रस्त्यात दिसली तरी बोलायचं नाही. साक्षीदार फितवला असा आरोप आला की सगळंच मुसळ केरात. लंबूताईने ते तंतोतंत पाळलं. नवऱ्याला मात्र राहवेना.

"मी जाऊन बोलू का? मी तर तुझ्या केसमध्ये नाही."

"तुम्ही माझे नवरे आहात."

"ते तू अधूनमधून विसरतेस, म्हणून म्हटलं."

सुनावणीच्या आदल्या दिवशी भर दुपारी माझ्या पुढच्या दारावर टकटक झाली. टिंगी उभी होती. कोट काढून पिशवीत कोंबला होता, त्याची एक बाही बाहेर आली होती.

"ताई घरात आहेत?"

"मागच्या खोलीत आहे. पण तुम्ही भेटायचं नाही."

"माहीत आहे. म्हणून तुमच्याकडे आले, काकू." ती आत आली, पण बसली नाही. भिंतीपलीकडे लंबूताई भांडी घासत होती, त्याचा आवाज येत होता. टिंगीने स्वतःचा आवाज एकदम खाली आणला. "तुम्ही कायद्याची ती पानं वाचलीत ना ताईंसाठी? मला एवढंच सांगा. उद्या मी साहेबांना नको असलेलं काही बोलले आणि त्यांनी मला काढलं, तर त्या पानांत माझ्यासाठी काही आहे?"

भिंतीपलीकडची भांडी थांबली होती. आहे असं म्हणणं फार सोपं होतं, आणि त्याने कोणाचं भलं होईल हे त्या क्षणी मला पुरतं कळत होतं.

"तुम्ही मुकादम आहात," मी म्हटलं. "साक्ष दिली म्हणून कामगाराला काढता येत नाही असं लिहिलंय. मुकादमाबद्दल काही लिहिलेलं नाही."

"म्हणजे नाही."

"मला तरी सापडलं नाही."

तिने मान हलवली. "खरं सांगितलंत ते बरं केलंत," म्हणाली, आणि पिशवी छातीशी धरून निघून गेली. पलीकडे भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला, पण कितीतरी वेळाने.

सुनावणीची खोली एखाद्या शाळेच्या वर्गाएवढी होती. मध्ये लांब टेबल, त्यामागे सुनावणी घेणारे अधिकारी, वयस्कर, सर्दी झालेले. डाव्या बाजूला आम्ही, उजव्या बाजूला कंपनी. साहेब पहिल्या रांगेत टिंगीच्या बरोबर समोर बसले होते. टिंगीने आज कोट घातला होता. बहुधा घालायला सांगितलं असावं.

कंपनीच्या वकिलाने हलक्या आवाजात सुरुवात केली.

"सकाळी जोड्या कोण लावायचं?"

"ताई."

"ताई म्हणजे अर्जदार?"

"हो."

"लवकर घरी जायचं असेल तर तुम्ही कोणाला विचारत होता?"

"ताईंना."

"आणि त्या काय म्हणायच्या?"

"म्हणायच्या, जा."

"साहेबांना विचारून सांगते, असं म्हणायच्या का?"

"नाही. जा गं, मी सांभाळते, असं म्हणायच्या."

वकिलाने अधिकाऱ्यांकडे पाहिलं आणि खाली बसला. यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. लंबूताईचे हात मांडीवर होते. ती बोटांनी पदराचा कोपरा धरून दुसऱ्या कोपऱ्याला जुळवत होती, सोडत होती, पुन्हा जुळवत होती. तिच्या नवऱ्याने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "संपलं का?" मी त्याला गप्प केलं.

आमच्या वकीलबाई उठल्या.

"तुमची आई घरात पाय घसरून पडली, तो दिवस आठवतो?"

टिंगीची मान वर झाली. "आठवतो."

"शेजारणीचा फोन आला. तुम्ही अर्जदारांना विचारलंत. त्या काय म्हणाल्या?"

"जा म्हणाल्या. पळ म्हणाल्या."

"मग तुम्ही गेलात?"

साहेबांनी पाय हलवणं थांबवलं. अधिकाऱ्यांनी रुमालात नाक शिंकरलं आणि म्हणाले, "बाई, उत्तर द्या. गेलात की नाही?"

"फाटकापर्यंत गेले."

"पुढे?"

"रखवालदार म्हणाला, साहेबांची चिठ्ठी दाखव. चिठ्ठी नव्हती. मी केबिनमध्ये गेले."

"केबिनमध्ये आणखी कोण होतं?"

"कोणी नाही. मी आणि साहेब."

आता वकीलबाईही थांबल्या. केबिनमध्ये काय झालं ते लंबूताईला कधी कळलं नव्हतं. त्या दिवशी टिंगी परत येऊन मुकाट्याने कोपरे धरू लागली होती, आणि तिचा चेहरा बघून कोणी विचारलं नव्हतं. त्यामुळे पुढच्या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. वकीलबाईंनी एकदा लंबूताईकडे पाहिलं. तिने, विचारा, अशी हलकेच मान डोलावली.

"तुम्ही साहेबांना काय सांगितलंत?"

"सांगितलं की ताई जा म्हणाल्यात."

"साहेब काय म्हणाले?"

टिंगीने साहेबांकडे पाहिलं. साहेब तिच्याकडेच बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते अगदी थोडंसं हसले, ओळखीच्या माणसाकडे बघून हसावं तसं. टिंगीने दुमडलेली बाही आणखी एक घडी वर सरकवली. ती सैल होऊन खाली आली. तिने पुन्हा वर सरकवली.

"साहेब म्हणाले," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मशीनवर ओरडण्याइतका मोठा झाला, "म्हणाले, लंबू कोण लागून गेली रजा देणारी? उद्या मशीन म्हणेल जा, मग जाशील? परत जागेवर जा, नाहीतर उद्यापासून धुण्याच्या ओल्या खात्यात पाठवतो. मी जागेवर गेले. शेजारणीला एकटीला आई उचलवेना, तीन तासांनी शेजारची माणसं आली तेव्हा दवाखान्यात नेलं. मी सुट्टी झाल्यावर पोचले."

"म्हणजे अर्जदारांना रजा देण्याचा अधिकार..."

"अहो कसला अधिकार? त्यांना अधिकार असता तर माझी आई तीन तास फरशीवर पडून राहिली असती का?"

कंपनीचा वकील उठून काही विचारू लागला, अधिकाऱ्यांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि तिचं वाक्य शब्दशः लिहून घ्यायला सांगितलं.

निकाल लागायला वेळ लागला, पण तो लागला. लंबूताई कामगार आहे, तिला संघटनेपायी काढलं, परत त्याच जागी घ्यावं. नवऱ्याने बातमी ऐकून गल्लीतच गाडीचा हॉर्न दाबून धरला. लंबूताई मात्र चपला घालत होती.

"आता कुठे निघालीस?"

"टिंगीकडे."

टिंगीला साक्षीच्या दिवशीच संध्याकाळी काढलं होतं. कारणाची गरज लागली नाही. मुकादमावरचा विश्वास उडाला, एवढंच पत्रात होतं. ती तेव्हापासून घरीच होती. लंबूताईचा निकाल होईपर्यंत वकीलबाईंनी दोघींना भेटू दिलं नव्हतं. टिंगीने दार उघडलं आणि आत वळली.

"पेढे आणले असतील तर आईला द्या. मला नकोत."

"पेढे कशाचे? चल, चप्पल घाल. वकीलबाईंकडे जायचंय."

"माझं काय काम तिथे? मला कायदा नाही. काकूंनी आधीच सांगितलंय."

"मग ते 'नाही' एकदा वकीलबाईंच्या तोंडून ऐक. चल."

वकीलबाईंनी टिंगीला बसवलं आणि एकामागून एक विचारत गेल्या. कोट घातल्यावर जोड्या कोण लावायचं? साहेब. रजा? साहेब. कोणाला कधी शिक्षा केली? नाही. खुर्चीवर बसायला मिळालं?

"कुठलं! चादरी कोण उचलणार? सगळा दिवस घड्याच घालत होते. फरक एवढाच, आधी बायका माझ्याशी बोलायच्या, नंतर त्याही बोलेनात."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "मग तुम्ही तरी कुठल्या मुकादम? अधिकार नसला तर कोणी मुकादम होत नाही, हे तर तुम्हीच शपथेवर सांगितलंत. तेच आता तुमच्यासाठी म्हणायचं. पण मी खात्री देत नाही. तुमच्या ताईंनी बढती नाकारली होती. तुम्ही घेतली होतीत. ते लोक त्यावरच बोट ठेवतील."

"आणि साक्षीदार कोण?" टिंगीने विचारलं. "खात्यातली कोण येणार माझ्यासाठी? मी कोट घातला म्हणून त्या थुंकल्या होत्या माझ्यावर."

"मी येणार," लंबूताई म्हणाली.

"तुम्ही तेव्हा तिथे नव्हतात. तुम्हाला काढलं होतं."

हे खरं होतं. टिंगीने अर्जावर सही केली, पण तिथून बाहेर पडताना दोघींच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

दुसऱ्या दिवशी लंबूताई कामावर रुजू झाली. जोड्या आता साहेब स्वतः लावतात. त्यांनी तिला एका नव्या पोरीबरोबर उभं केलं. जेवणाच्या सुट्टीत ती त्याच बोळात गेली आणि सगळ्यांना एकत्र बोलावलं. टिंगी कोटात असताना घड्या घालत होती की हुकूम सोडत होती, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांनी येऊन सांगायचं. कामगाराला साक्षीबद्दल काढता येत नाही, हे कायद्याच्या पानांतच लिहिलंय, असंही सांगितलं.

"तिने तुमच्या पाठीत सुरा खुपसला होता, ताई," एक जण म्हणाली.

"खुपसला, आणि मग स्वतःच्या हाताने काढला. मला रक्त आलं, तिची नोकरी गेली. तू तुझं बघ, तू येणार का?"

कोणी हो म्हणेना. घंटा झाली. सगळ्या पांगल्या. लंबूताई रोलरपाशी जाऊन उभी राहिली. पहिली चादर बाहेर आली. तिने दोन कोपरे धरले, नवी पोरगी घाबरून चुकीच्या बाजूला ओढू लागली, चादर जमिनीला टेकली. साहेब काचेआडून बघत होते. तेवढ्यात चादर घालण्याच्या बाजूची एक जण मशीनला वळसा घालून तिच्याजवळ आली. मनगटाला गुलाबी चट्टा असलेली तीच पोरगी. तिने वाकून चादर उचलून दिली.

"मी येते, ताई," ती म्हणाली. "तारीख सांगा." आणि साहेब केबिनचं दार उघडून बाहेर यायच्या आत आपल्या जागेवर परत गेली.

टिंगीची पहिली तारीख पुढच्या महिन्यात आहे.